ईसीजी आधी, कॉक्लिअर नंतर

माझी मुलगी जन्मापासून बहिरी. ऐकू येतं का ते तपासणाऱ्या बेरा चाचणीत दोन्ही कानांनी काहीच प्रतिसाद दिला नाही. पुढे ती रडता रडता एकदम पांढरीफटक पडून बेशुद्ध व्हायला लागली, तेव्हा फिट समजून फिटचं औषध सुरू झालं. कानाची फाइल वेगळी, फिटची वेगळी.

दोन्ही फाइली एकत्र वाचल्या त्या भुलीच्या डॉक्टरांनी. कॉक्लिअर इम्प्लांटआधी, म्हणजे आतल्या कानात ऐकण्याचं यंत्र बसवायच्या ऑपरेशनआधी, त्यांनी ईसीजी काढायला लावला. क्यूटीसी, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या विजेला पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, ५४० मिलिसेकंद! ४६०च्या आत हवं. निदान झालं जर्वेल आणि लांगे-निल्सन सिंड्रोम: जन्मतः बहिरेपण आणि मधेच ताल सोडणारं हृदय. ती बेशुद्ध होत होती ती त्यामुळे, फिटमुळे नाही. नॉर्वेतल्या या दोन डॉक्टरांनी १९५७ साली एकाच घरातल्या अशा भावंडांची नोंद केली होती. पेशींमधून पोटॅशियम जाण्याचा एक मार्ग जनुकदोषाने बिघडतो, आणि तो हृदयातही असतो, आतल्या कानातही. हा आजार व्हायला दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. मी सख्ख्या आत्याची सून. त्यावरून घरात काय काय बोललं गेलं, ते राहू द्या.

ऑपरेशन पुढे ढकललं, आधी हृदयाचा ताल सांभाळणारं प्रोप्रानोलॉल हे औषध सुरू झालं. इकडे इम्प्लांटसाठी मदत देणाऱ्या सरकारी एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांना वयाच्या ५ वर्षांपर्यंतची अट, त्यामुळे माझा जीव टांगणीला. हृदयाच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला तेव्हा ऑपरेशनच्या दिवशीची तयारीच वेगळी होती: पोटॅशियम तपासलेलं, शॉकचे पॅड छातीवर आधीच चिकटवलेले, उलटीसाठी सर्रास देतात ते ऑनडानसेट्रॉन बाद, कारण ते क्यूटी आणखी लांबवतं.

खरी धाकधूक स्विच-ऑनची, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा सुरू करण्याची. पहिल्या आवाजाला मूल दचकलं की नातेवाईक व्हिडिओ काढतात, टाळ्या वाजवतात. आमच्याकडे दचकणंच नको होतं, कारण घाबरल्यानेही असं हृदय ताल सोडू शकतं. मॉनिटर लावून ऑडिओलॉजिस्टताईंनी आवाज अगदी जराजरा वाढवला. ती खेळता खेळता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ठोकळे रचायला लागली. मला तेवढंच हवं होतं.

आमचेही ईसीजी काढले. माझा क्यूटी थोडा लांब निघाला. टाळायच्या औषधांची यादी तिच्या दप्तरात असते, आता माझ्या पर्समध्येही.

रोज सकाळी तिला मशीन लावलं की ऐकू येतंय का ते बघायला मी तोंड झाकून सहा आवाज काढते: आ, ई, ऊ, म, श, स. ‘स’ला ती अजून हात वर करत नाही. पुढच्या मॅपिंगला, म्हणजे मशीनचे आवाज तिला जुळवून देतात तेव्हा, ते सांगायचंय.