तिच्या कार्डाला एवढा उशीर का झाला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते मी हरभट रोडवर, मार्केट यार्डात, लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालूनसुद्धा दिलेलं आहे : "दाखल्यात नाव चुकलं होतं हो, म्हणून लांबलं." समोरचा म्हणतो, "सरकारी काम!" आणि मी सुटतो.

प्रश्न नेहमी तोच. लग्न २०१८चं, बायको २०२०पासून सांगलीत, मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड २०२४ला कसं? ज्यांच्या घरात अशी सून किंवा असा जावई आहे, ते तर हिशोब मांडूनच विचारतात. त्यांना 'सरकारी काम' पटत नाही.

आधी फुटकळ प्रश्न उरकतो. ती भारतीय झाली का? नाही. पासपोर्ट फिलिपिन्सचाच आहे. नावात 'सिटिझन' असलं तरी ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे; इथं कायम राहायची मुभा, एवढंच. मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. हे कळल्यावर आमच्या तासगावच्या काकांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा पसरला तो मी विसरणार नाही. त्याआधी सहा महिने ते प्रत्येक फोनवर "सातबाऱ्याला काय लागत न्हाई न्हवं?" असं विचारत होते. नागरिकत्वच हवं असेल तर सात वर्षं इथं राहून वेगळा अर्ज करायचा आणि स्वतःचा पासपोर्ट सोडायचा. ती सोडणार नाही आणि मी सोड म्हणणार नाही. आधार कार्डाचं विचाराल तर ते आहे, पण आधार असल्यानं कुणी भारतीय होत नाही, हे मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना चारदा सांगितलंय.

लग्न झालं की लगेच मिळतं का? तेही नाही. नोंदणी झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं, मग अर्ज. म्हणजे आमची पात्रता डिसेंबर २०२०ला पुरी झाली. तिथून पुढच्या तीन-साडेतीन वर्षांचा हिशोब मी देणं लागतो.

तर नाव. ते खरंच चुकलं होतं, ही थाप नाही. फिलिपिन्समध्ये माणसाचं मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. तिच्या पासपोर्टात तसंच आहे : तिचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, मग वडिलांचं आडनाव. आपल्याकडे मधली जागा बापाची, आणि लग्नानंतर नवऱ्याची. विशेष विवाह कायद्याखाली आम्ही नोटीस दिली, ती तीस दिवस फलकावर लागली (एका दूरच्या मावशीनं तीच वाचून आईला फोन केला, म्हणजे घरात बातमी माझ्याआधी पोचली), तीन साक्षीदार झाले आणि दाखला लिहायची वेळ आली. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही. कारकून भला माणूस होता. त्यानं मधल्या जागेत सरळ माझं नाव घातलं आणि शेवटी माझं आडनाव. म्हणाला, "लग्न झालं की मधलं नाव नवऱ्याचंच की." सगळे हसले. पेढे निघाले.

मी तो दाखला वाचला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सही करायच्या आधी वाचला होता, पासपोर्ट हातात होता आणि फरक दिसत होता. मला ते आवडलं होतं. कतारमधल्या दोहात चार वर्षं एकमेकांना आडनावानं ओळखणाऱ्या माणसांत काढल्यावर, तिच्या नावाला माझं नाव चिकटलेलं बघून छातीत काहीतरी फुललं होतं. पुढं २०२१च्या सुरुवातीला अर्ज भरला, तेव्हा पासपोर्ट आणि दाखला जुळत नाहीत म्हणून तो परत आला. मी कारकुनाला शिव्या घातल्या. ती एवढंच म्हणाली, "तिथं माझ्या आईचं नाव होतं."

दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, पासपोर्टच्या साक्षांकित प्रती, तिच्या जन्मदाखल्याची अपोस्टिल केलेली (म्हणजे परदेशात चालावी म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का घेतलेली) प्रत असं सगळं जमवावं लागलं. मधे कोविड. दुरुस्त दाखला हातात आला तो त्याच वर्षी दिवाळीच्या आधी.

बघा, आता माझं ठरलेलं उत्तर संपलं. दाखला दिवाळीच्या आधी नीट झाला होता. पुन्हा अर्ज गेला तो मार्च २०२३ला. मधले सोळा-सतरा महिने ती फाईल आमच्या गोदरेजच्या कपाटात, आईच्या इरकलीखाली होती.

कारणं आहेत. मला पाठ आहेत. बाबांची अँजिओप्लास्टी झाली. नोकरी बदलली. त्या साली द्राक्षाला अवकाळीनं झोडपलं आणि काकांच्या बागेत मला धावावं लागलं. फोटोची साईज जमेना, संकेतस्थळ मधेच अडकायचं. प्रत्येक कारण खरं आहे. पण याच काळात मी गाडीचा विमा वेळेवर भरला, गॅसचं कनेक्शन नावावर करून घेतलं, आयकराचं विवरण मुदतीच्या आत टाकलं. कागदांचा कंटाळा असणारा माणूस मी नव्हेच. ऑफिसात मला 'फायलींचा बाप' म्हणतात.

त्या दिवसांत ती कशावर राहत होती? एंट्री व्हिसावर, मुदत वाढवून वाढवून. दर मुदतवाढीला नवऱ्याचं पत्र जोडायचं : ही माझी कायदेशीर पत्नी असून माझ्यासोबत वरील पत्त्यावर राहते, तिच्या वास्तव्याची जबाबदारी माझी. खाली माझी सही. व्हिसावर नोकरीला मनाई. ती शिकलेली नर्स, दोहात माझ्याइतकाच पगार घेणारी, आणि इथं भडंगाच्या पाकिटालाही माझ्याकडं बघणार. तेव्हाच्या मला कुणी विचारलं असतं तर तो तावातावानं म्हणाला असता, "मी कधी पैशाला नाही म्हटलंय का?" खरंय, नाही म्हटलं नव्हतं. पण दर वेळी तिला विचारावं लागायचं, हे त्याच्या हिशोबात कुठं नव्हतं.

डिसेंबर २०२१मध्ये तिच्या बेटावर मोठं चक्रीवादळ आलं. त्यांनी त्याला 'ओडेट' नाव दिलं होतं. तिच्या आईच्या घराचं छप्पर उडालं. दुरुस्ती हप्त्याहप्त्यानं चालली. पहिला हप्ता मी पाठवला, दुसरा पाठवला. तिसऱ्याची गोष्ट निघाली ती फेब्रुवारी २०२३मध्ये, एका रात्री भांडी घासता घासता. नुकताच मुदतवाढीचा अर्ज गेला होता. मी म्हणालो, आता जमणार नाही. ती म्हणाली, कार्ड असतं तर मी तुला मागितले नसते. हे ती पहिल्यांदाच बोलली. मग मी जे बोललो ते इंग्रजीत बोललो, पण इथं मराठीत लिहितो, कारण मराठीत ते जास्त घाण ऐकू येतं : "तू इथं माझ्या सहीवर राहतीयेस. एक मेल टाकला तर तुला जावं लागेल."

तिनं नळ बंद केला. हात पुसले. ताट जाळीत उभं केलं. सकाळी सहाच्या एसटीनं ती पुण्याला मैत्रिणीकडं गेली.

पाचव्या दिवशी ठाण्यातून एक हवालदार आले, पत्त्याच्या खातरजमेला. मी ऑफिसातून धावत आलो तोवर ते सोफ्यावर बसून पाणी पीत होते. मला दारातच आईचा आवाज ऐकू आला. आमची आई माळकरी आहे. खोटं बोलत नाही. माझ्या लग्नाला ती आली नव्हती, आणि या सुनेच्या हातचा चहा घ्यायला तिला आठ महिने लागले होते. ती सांगत होती, "पुण्याला गेलीया. मैत्रिणीचं बाळंतपण हाय."

हवालदारांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, दोघांचं बरं चाललंय न्हवं?"

आई उठली. स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातली काचेची बरणी घेऊन आली. कच्च्या पपईचं लोणचं. किसलेली पपई, गाजर, आलं, व्हिनेगर आणि साखर. ते लोक तसं करतात. बरणीवर तिच्या अक्षरात तारीख लिहिलेली होती, जायच्या दोन दिवस आधीची. आईनं झाकण काढलं, चमच्यानं हवालदारांच्या तळहातावर थोडं घातलं आणि म्हणाली, "हे तिनं घातलंय. मुरायला अजून चार दिस हायेत. लोणचं घालून कोण सोडून जातंय का?"

ते चाखून हवालदार म्हणाले, "गोड हाय." शेजाऱ्यांकडून दोन सह्या घेऊन ते गेले. त्यांनी वहीत काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

आईनं बरणीचं झाकण लावलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्यासाठी मी आज माळेला बट्टा लावला. आता जा आन् घिऊन ये. येत नसंल तर तिला म्हणाव, येऊ नको. पर तिचं कागद तिला दे."

मी पुण्याला गेलो नाही. फोन केला. माफी मागितली, पण ती फोनवरची माफी होती. "मला तसं म्हणायचं नव्हतं" वगैरे. ती म्हणाली, "तुला तसंच म्हणायचं होतं." नवव्या दिवशी ती परत आली. का आली, हे मला आजही ठाऊक नाही. व्हिसा अडला असता म्हणून, आईनं तिला वेगळा फोन केला होता म्हणून (तो केला होता, हे नंतर कळलं), की माझ्यासाठी. एकदा विचारलं तर म्हणाली, "लोणचं तयार झालं असणार म्हणून." हसली नाही.

त्यानंतर आठवडाभरात फाईल कपाटातून निघाली. सगळे कागद एका रात्रीत स्कॅन झाले. पंधरा हजार रुपये फी भरली. एका रात्रीचं काम होतं ते. मग मुंबईला बोलावणं आलं, मिरजेहून महालक्ष्मीनं गेलो, मुलाखत झाली. त्यांनी तिला माझ्या आईबद्दल विचारलं आणि ती इतकं बोलली की मला विचारायला फार काही उरलं नाही. मग सुरक्षा खात्याची मंजुरी यायला वेळ लागला, तो खरोखरच सरकारी वेळ होता. तेवढा मी माझ्या नावावर घेणार नाही.

मग मी ती फाईल मुद्दाम दाबली का? हे कुणी विचारत नाही, मीच विचारतो. रोज सकाळी उठून "आज हिला अडकवून ठेवतो" असं मी ठरवत नव्हतो. आळस होता, हेही खरं. पण आळसाला एक ऊब होती. पत्रावर सही करताना मला बरं वाटायचं. कुणाला तरी माझी गरज आहे, अशा अर्थानं. आपल्याकडं नवरे असेच असतात, असं म्हणून मला सुटता येईल, आणि माझे मित्र तसं म्हणतातही. पण माझ्या बाबांच्या हातात आईला देशाबाहेर काढायचा कागद नव्हता. माझ्या हातात होता, आणि तो मी एकदा वापरून बघितला.

आणि कार्ड मिळालं म्हणजे तो कागद गेला, असंही नाही. लग्न मोडलं तर कार्ड रद्द होऊ शकतं, कायद्यात तसं लिहिलंय. मी ते तिला सांगायला गेलो तर म्हणाली, मला माहितीये, २०१८मध्येच वाचलं होतं. म्हणजे नोटीस फलकावर होती ते तीस दिवस मी पेढ्यांची ऑर्डर कुठं द्यायची बघत होतो, आणि ती कायदा वाचत होती.

कार्ड म्हणजे पासपोर्टसारखी छोटी पुस्तिका असते. त्यात मधलं नाव तिच्या आईकडचंच आहे. आलं त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू लावलं, कव्हरावर पिवळा डाग अजून आहे. मी सवयीनं म्हणालो, दे, कपाटात ठेवतो. तिनं दिलं नाही.

झेरॉक्स लागली की ती स्वतः काढून आणून देते. मूळ पुस्तिका घरात कुठं ठेवलीय, मला माहीत नाही. आईला माहीत आहे.