कुप्यासाठी रॉड आणि रील

आजचा रविवार कोथरूडला, दादाच्या गच्चीवर गेला. त्याला थंडीत अंदमानला कुपा धरायला जायचंय, यलोफिन टूना. धरणावर रोहू-कटल्याला चालतो तो रॉड तिथे टिकायचा नाही. मोठा कुपा एका दमात शेकडो फूट दोर ओढून नेतो.

म्हणून मी म्हटलं, आधी रील बघ. रॉडवर खर्च आणि रीलवर काटकसर हे मला अजिबात पटत नाही. १४००० किंवा १८००० आकाराचं स्पिनिंग रील, त्यावर ८० पौंडी ब्रेडेड दोर, किमान ३०० मीटर. ड्रॅग (किती ओढीला रील दोर सोडू लागेल तो ताण) दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे साधारण ९ ते १२ किलो.

तो मोजायला बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोराला बांधला. मी रॉड धरला, दादा काटा ओढत मागे गेला. ९ किलोला रील सुटलं तेव्हा माझ्या टाचा फरशीवर सरकल्या, दंडाला कंप सुटला. हे भरलेल्या स्पूलवर (रीलची दोर गुंडाळलेली फिरकी)! दोर जात राहिला की स्पूलचा घेर कमी होतो आणि तोच ड्रॅग आपोआप जड होतो. त्यामुळे सुरुवात जरा हलकीच ठेवायची.

पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायचं नकली आमिष) फेकायला आठ फुटी रॉड, जिगिंगला (जड आमिष खोल सोडून झटके देत वर आणायला) साडेपाच फुटी. खोलातून मासा उचलताना आखूड रॉडच कंबर वाचवतो.

दादा रील भारीतलं घेतोय, रॉड मधल्या किमतीचा. अंदमानला जिगिंग केलेल्यांनी लीडर (गळाजवळचा जाड दोर) किती पौंडी वापरला ते जरूर लिहा, तेवढंच ठरायचं राहिलंय.