आमच्या डाळ मिलची वाटचाल

औसा तालुक्यातल्या आमच्या मिलवर काम करणाऱ्या बहुतेक बायका पूर्वी दुसऱ्याच्या रानात रोजानं तूर काढायला जायच्या. त्यांनी प्रशिक्षणं कमी नाही केली. शिवण, मेणबत्ती, अगरबत्ती, सगळं झालं. प्रमाणपत्रं पेटीत पडली. मेणबत्ती विकायची कुणाला, हे एकाही सरांनी सांगितलं नाही. तूर मात्र दारातच होती.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी डाळ मिल आमच्या महिला बचत गटानं घ्यायचं ठरलं. कर्जाला गेले तर बँकेतले साहेब म्हणाले, "मालकांना घेऊन या." गटाची बचत आमची, हप्ते आम्ही भरणार आणि सही मालकांची! हे मी अजून विसरलेले नाही.

एमरीचा, म्हणजे खरखरीत दगडी थराचा रोलर म्हणजे मिलचा जीव. पहिल्या फेरीत तुरीला नुसते चरे पडावेत, दाणा फुटता कामा नये. मग तेल चोळून रात्रभर झाकायची, उन्हात खडखडीत वाळवायची. दाताखाली दाणा कट्ट वाजला की वाळली. रोलर गुळगुळीत झाला की टरफल सुटत नाही आणि चुरी वाढते, तेव्हा मिलवाल्यांनो, रोलर वेळेवर बदला.

२०१५ ला तूरडाळ २०० रुपये किलोला टेकली होती. पुढच्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तेव्हा, तूर मिळणारच नाही या धास्तीनं सगळेच साठा करत होते. आम्हीही कर्जावर भरली. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि मागोमाग तुरीचं उदंड पीक आलं. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये, तर आडतीत बोली त्याच्याही खाली. आमची थप्पी महागाच्या तुरीची. त्यातच तालुक्यातल्या एका व्यापाऱ्यानं आमच्यासारख्याच पिवळ्या पिशव्या छापल्या, त्यावर 'महिला गट' लिहिलं आणि आत पॉलिशची डाळ भरून आमच्या निम्म्या भावात विकली. त्याच्या दुकानात एक बाई कामाला नव्हती! आमचे हप्ते थकले. दोघींना घरच्यांनी गटातून काढून नेलं.

तगलो ते लातूरच्या एका खानावळवाल्या मावशींमुळं. शिकवणीची पोरं त्यांच्याकडे जेवायला. त्या म्हणाल्या, "पॉलिशची डाळ वरणाला मिळून येत नाही, पोरं ताटात टाकतात." भाव पडलेला असताना त्यांनी घासाघीस केली नाही, रोख मोजले, शेजारच्या खानावळींनाही आमची डाळ लावून दिली. त्यावर कर्ज फिटलं. पुढं दुसरी मिलही आली.

आता 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांतल्या बायका आमच्याकडे शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी मशीन दाखवतच नाही. डाळ आणि तराजू देऊन आठवडी बाजारात बसवते. जाऊबाईच्या भावाला उधारी नाही म्हणता आलं, की निम्मं प्रशिक्षण झालं. मग वही. चुणी, म्हणजे डाळीचा उरलेला कोंडा-चुरा, जनावरांना विकली तर तो पैसा लिहायचा, आणि स्वतःची मजुरी खर्चात धरायची. ती न धरता नफा दाखवणारी बाई फुकट राबत असते, आणि तिला ते कळतही नाही. केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, चालू असेल तर जरूर घ्या. पण अनुदान दिसतंय म्हणून मशीन आणू नका, आधी गिऱ्हाईक बांधा.

नवी तूर आली की पुढची तुकडी बसेल. येणारीनं आपल्याच गावची पायलीभर तूर आणि कोरी वही आणावी. तेल, चाळण्या आमच्याकडे आहेत.