आमची वाटचाल : मुंडकी, 3 नग

कुरिअरवाल्या पोराने फॉर्मवरचा 'वस्तूचे वर्णन' हा रकाना वाचला आणि पाकीट गुपचूप परत टेबलावर ठेवलं. मी लिहिलं होतं, 'मुंडकी, 3 नग'. तेव्हापासून 'प्लास्टिकचे सुटे भाग' असं लिहितो. पण धंदा मुंडक्यांचाच, सिनेमातल्या पात्रांच्या खेळण्यांच्या. 2014 साली शनिवार पेठेत जिन्याखालच्या खोलीत मावसभावाच्या भागीदारीत सुरू केला. पैसे त्याचे, हात माझा.

ज्यांच्या कपाटात स्टार वॉर्स सिनेमांच्या पात्रांची सहा इंची ब्लॅक सिरीज आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने ती 2013 ला काढली. घडण उत्तम, सांधे उत्तम, आणि डोळे असे की पात्राला नुकतंच विजेचं बिल दाखवलंय. त्यात घडवणाऱ्याचा दोष नव्हता. डोळे-भुवया टॅम्पोने छापायचे, म्हणजे सिलिकॉनच्या मऊ गादीने ठसा मारायचा. ठसा केसभर सरकला की बुबुळ पापणीवर. मुंडकं जेमतेम पाऊण इंचाचं, तिथे केसभरसुद्धा फार झालं. लोक मुंडकं उपटून पाठवायचे, मी जुनी छपाई पुसून नवे डोळे काढायचो. मुंडक्याला 350 रुपये, राजकन्या लेयाचे 500. ओठांचं काम असतं.

हत्यारं म्हणाल तर तीन शून्याचा ब्रश, घड्याळजीचं भिंग आणि दातांच्या डॉक्टरांची कोरणी. ही कोरणी दादरच्या एका गिऱ्हाइकाने दिली. ते स्वतः दंतवैद्य. पहिल्याच ऑर्डरबरोबर डबीत वापरलेले बर, म्हणजे दात कोरायच्या यंत्राची टोकं, आणि दोन कार्व्हर आले, वर चिठ्ठी : 'पेशंटला आता चालत नाहीत, हान सोलोला चालतील.' त्यातला एक कार्व्हर अजून रोज हातात असतो. टोक झिजून गोल झालंय, पण नाकपुडीच्या कडेला तसंच टोक लागतं.

डॉक्टर स्टार वॉर्समधला फक्त हान सोलो जमवतात. दवाखान्यात, पेशंट तोंड उघडून बसतो त्याच्या बरोबर समोर, एका ओळीत. सुरुवातीला हॅस्ब्रोच्या आधी ही खेळणी काढणाऱ्या केनर कंपनीचा 1978 चा, पावणेचार इंच, पाच सांधे. त्यातही दोन. पहिल्या खेपेला डोकं इतकं चिमुकलं झालं की नंतर त्याच धडावर मोठं बसवलं. जमवणारे त्यांना 'स्मॉल हेड' आणि 'बिग हेड' म्हणतात, डॉक्टर 'धाकटा' आणि 'थोरला'. मग 1995 चा. दहा वर्षांच्या खंडानंतर खेळण्यांची मालिका परत आली, तोवर हे-मॅन नावाच्या पिळदार खेळण्याने सगळ्यांच्या छात्या फुगवून ठेवल्या होत्या. शेतावरचा नायक ल्यूक हिंदकेसरी जिंकून आल्यासारखा, आणि लेयाला तर अमेरिकेतले शौकीन अजून माकडतोंडी म्हणतात. त्या वर्षीच्या हानचा जबडा दाखवून डॉक्टर मला म्हणाले, "असा पेशंट आला तर अक्कलदाढ काढायला मी नाही म्हणेन." पुढे छाती उतरली, मान लांबली, जाकिटाला सुरकुत्या आल्या, कोपरात-गुडघ्यात सांधे आले. माझं मत विचाराल तर घडणीत 1978 चा सगळ्यात गरीब. नाक म्हणजे एक उंचवटा. पण बंडी, गडद केस आणि उभं राहणं एवढ्यावर तो लांबून ओळखू येतो. 1995 चा ओळखायला पाठीमागच्या पुठ्ठ्यावरचं नाव वाचावं लागतं.

2015 ते 2017 बरी गेली.

2018 च्या सुमाराला हॅस्ब्रोने चेहरे नव्या पद्धतीने छापायला घेतले. 'फोटो रिअल' म्हणतात त्याला. ठसा नाही, कागदावर प्रिंटर छापतो तसे रंगाचे बारीक ठिपके थेट चेहऱ्यावर. पहिला नग आला तेव्हा मी खोका उघडला, भिंग लावलं आणि बराच वेळ लावूनच बसलो. बुबुळ जागेवर. ओठाला सावली. गालावर दाढीची निळसर झाक, जी काढायला मला पाऊण तास लागायचा. महिन्याला 40 मुंडकी यायची, दिवाळीत 6 आली.

म्हणून तयार फिगर मागवून विकायचं ठरवलं. फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची जकात 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाली. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्याला आयएसआयचा शिक्का लागू लागला. माझं गिऱ्हाईक पंचेचाळिशीचं, पण खोक्यावर छापलेलं '4+', म्हणजे कागदोपत्री ते खेळणंच. 60 नगांचा माल अडकला तो अडकलाच. मावसभाऊ म्हणाला, "दादा, आपण मोबाइलची कव्हरं विकू." त्याने पैसे काढून घेतले. आज त्याची कव्हरांची दोन दुकानं आहेत, आणि तो हे प्रत्येक लग्नात सांगतो.

पण खरा घाव दुसराच. दोन वर्षं एक पोरगा माझ्या शेजारी बसून शिकला. साच्यासाठी सिलिकॉन कसं कालवायचं, बुडबुडे कसे मारायचे, साच्यात रेझिन किती सावकाश ओतायचं, सगळं. डॉक्टरांसाठी मी हानचं एक मुंडकं शून्यातून घडवलं होतं, चार महिने रात्री बसून. याने त्याचा साचा काढला, नोकरी सोडली आणि 250 रुपयांना मुंडकी विकायला लागला. साच्यावरून साचा काढला की माल किंचित आकसतो, बारकावे बुजतात, हे धंद्यातल्या कुणालाही कळतं. मला त्याचीही गरज पडली नाही. घडवताना बर निसटून डाव्या कानामागे ओरखडा उठला होता. त्याच्या प्रत्येक मुंडक्याला तो आहे. मोठ्या प्रदर्शनात आता त्याचा कोपऱ्यावरचा स्टॉल असतो. 'तुमच्याकडे तरी कुठे स्टार वॉर्सवाल्यांचा परवाना होता?' असं विचारणारे भेटतात. त्यांना मी चहा पाजत नाही.

दुकान तगलं ते फनस्कूल या खेळणी कंपनीच्या जी.आय. जो नावाच्या शिपायांमुळे. या कंपनीचा कारखाना गोव्यात, साचे हॅस्ब्रोचे जुने, पण रंग कधी कधी असे की अमेरिकेत तसा नग निघालाच नाही. म्हणून परदेशातले शौकीन ते शोधत असतात. चाळिशीतली माणसं आईकडच्या माळ्यावरून पिशवी घेऊन येतात. आत पाय वेगळे, धडं वेगळी. घाबरू नका, मोडलेलं नसतं. पोटातलं रबरी ओ-रिंग वाळून तुटलेलं असतं. पाठीचा स्क्रू काढा, रिंग बदला, स्क्रू हलक्या हाताने लावा. आणि बंदूक मुठीत दाबून बसवू नका, शिपायाचा अंगठा जातो. सांगतोच आहे तर हेही ऐका : फेव्हिक्विक लावू नका, भोवती पांढरी साय धरते. नेलपॉलिश रिमूव्हर तर घरातही ठेवू नका. पिवळा पडलेला पांढऱ्या चिलखताचा स्टॉर्मट्रूपर उन्हात ठेवून गोरा होत नाही, त्यावर आधी हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. आणि मुलांना कपाटाला हात लावू द्या.

मागच्या महिन्यात डॉक्टर स्वतः पुण्याला आले. गुडघ्यांमुळे जिन्याखाली वाकून येणं त्यांना जड जातं. रुमालात नवा हान, फोटो रिअल. म्हणाले, "हुबेहूब आहे हो, पण बघत नाही कुणाकडे. याचे डोळे पुसा आणि तुम्ही काढा." मी जुना दर सांगितला, 350. त्यांनी 500 ठेवले आणि बाकीचे नको म्हणाले.

डावा डोळा झालाय. उजव्याला अजून हात लावलेला नाही.