मुस्तफा, तैको आणि मामांची केळी

जानेवारीत खानदेशात जायला वेगळं कारण लागत नाही, भरीत पुरतं. यंदा मात्र सॅकमध्ये लॅपटॉप आणि निंटेंडोचा स्विच हा हातात धरून खेळायचा गेम घालून निघालो. सावद्याजवळ मामांच्या मळ्यात बसून शेतीवरचं ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघायचं आणि शेतीचाच गेम खेळायचा, असा बेत होता. बायकोनं विचारलं, "हे पुण्यात सोफ्यावर होत नाही का?" होतं की. पण सोफ्यावर बसून जपानी खेड्यांची हिरवीगार चित्रं इतकी पाहून झाली होती, की त्यातलं खरं किती आणि सजावट किती हे सांगणारा एखादा शेतकरी शेजारी बसलेला हवा, असं वाटायला लागलं होतं. माझ्या ओळखीतला सगळ्यात खवट शेतकरी म्हणजे मामा.

मनमाड सुटलं की थंडीची जात बदलते. चाळीसगावला चहा घेतला, पाचोऱ्याला सवयीनं नॅरोगेजच्या बाजूला मान वळली. पाचोरा–जामनेर ही ५६ किलोमीटरची छोटी गाडी, सगळ्यांची 'पीजे'. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. ॲनिमेत एका डब्याची गाडी शेतांमधून चालली की जगभरचे लोक हळवे होतात. आम्ही पीजेत बसून "यापेक्षा बैलगाडी बरी" म्हणत हसायचो. आता तिचे व्हिडिओ शोधत बसतो, ते सोडा.

भुसावळ माझं गाव. वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण यार्डातल्या शंटिंगच्या आवाजात गेलं. उतरल्यावर पाय आपोआप बाजाराच्या त्या बोळाकडे वळले जिथं गेम पार्लर होतं. तिथं आता मोबाइलचे कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास मिळतात. तेव्हा दाराला कळकट पडदा असायचा आणि आत तीन-चार मशिनी. गर्दी एकाच मशिनीवर: 'मुस्तफा'. कॅपकॉमनं १९९३ साली काढलेल्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते आमच्यापैकी कुणी कधी उच्चारलं नाही. जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा या चौघांतला मुस्तफा चपळ, म्हणून अख्ख्या गेमचं बारसं त्याच्या नावानं. पिंपं फोडली की खायचं निघायचं, आणि ज्याची जिवाची पट्टी लाल झाली असेल त्यानंच ते खायचं, हा पार्लरचा कायदा. तो मोडला म्हणून पडद्याबाहेर मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्यात, एकीत हातही साफ केलाय.

एक रुपयाला एक डाव. रुपया हातात घामेजेपर्यंत धरून आधी दुसऱ्याचा खेळ बघायचा, कुठल्या वळणावर कोण येतं ते पाठ करायचं, मग नाणं टाकायचं. मागं एकदा हाच गेम लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशिनीची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, खेळून पाहिला. एक बटण दाबलं की नाणं पडतं, पाहिजे तेवढी नाणी. मेलो, दाबलं, उठलो. शेवटच्या राक्षसापर्यंत जांभया देत पोचलो. चित्रं तीच, संगीत तेच, पण शेवटच्या रुपयाची धडधड गायब होती, आणि गेम म्हणजे बहुतेक ती धडधडच होती.

मित्राच्या घरी टीव्हीला जोडायचा 'सामुराई' होता. त्याचं मूळ निंटेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या यंत्रात आहे, हे कळायला पुढं इंटरनेट यावं लागलं. कॅसेटवर लाखो गेम असल्याचा दावा. मोजायला बसलं की तेच दहा-बारा पुन्हा पुन्हा. 'कॉन्ट्रा'चे आठ टप्पे, सेव्ह करायची सोय नाही, आणि भुसावळची वीज बरोबर सातव्या टप्प्याला जायची. जुन्या गेमांचं फार कौतुक करणाऱ्यांनी ही वीजही त्यात धरावी.

एसटी तापीचा पूल ओलांडून निघाली की दोन्ही बाजूंनी केळी सुरू होते. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, मध्ये जिकडंतिकडं हिरवं. फैजपूरला चढणारे-उतरणारे बरेच. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन इथं भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं; आमच्या बसमध्ये मात्र सगळी चर्चा आजच्या केळीच्या भावाची.

दुपारी बागेच्या कडेला खाटेवर बसून मी 'स्टारड्यू व्हॅली' उघडला. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त खपून २०१६ साली हा गेम काढला. मुळात त्याला १९९६ च्या 'हार्वेस्ट मून' या जपानी गेमचं वेड. शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर आलेला माणूस, एवढीच गोष्ट. मी दिवसाकाठी अर्धा तास तिथं नांगरतो आणि मन शांत होतं. मामा मागं येऊन उभे राहिले.

"काय करू राह्यला रे भो?"

"शेती. हे बघा, केळी लावलीय."

"केयी? कधी लावली?"

"अठ्ठावीस दिवस झाले. झाड तयार झालं. आता उन्हाळाभर रोज एक केळं देणार."

"येक केयं? मंग घड कुठी गेला?"

घड नाही, म्हटलं. झाडही तोडायचं नाही, दर वर्षी तेच झाड फळतं. मामांनी खाटेवर बैठक मारली आणि उलटतपासणी सुरू झाली. पील, म्हणजे बुडाशी फुटणारा कोंब? नाही. करपा? नाही. हरण्या रोग? नाही. ठिबक? झाडाला पाणीच लागत नाही. प्रत्येक 'नाही'ला मामांची मिशी थोडी वर जात होती. मग मी सांगितलं की वादळात झाडावर वीज पडली तर चार दिवस केळ्याऐवजी कोळसा येतो. "हे बरोबर हाये!" मामा एकदम खूश. "कोन्या तरी शेतकऱ्याले इचारून केलं दिसते."

शेवटी मुद्द्याचं विचारलं. "भाव कोन ठरवते?"

"ठरलेलाच आहे. एका केळ्याला दीडशे मोहरा. पेटीत टाकायचं, सकाळी पैसे जमा."

"रोज तोच भाव?"

"रोज तोच."

मामा थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिले. "मंग मलेबी शिकव."

ज्यांना केळी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. केळीचं खोड एकदाच घड देतं. घड उतरवला की ते तोडायचं आणि बुडाशी ठेवलेल्या पिलावर पुढचं पीक, म्हणजे खोडवा, घ्यायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली ती मृग बाग, दिवाळीच्या आसपासची कांदे बाग. लावणीपासून कापणीपर्यंत साधारण वर्ष जातं, आणि त्या वर्षात मे महिन्यातली लू आहे, उभी बाग आडवी करणारी वादळं आहेत, जानेवारीतला गारठा आहे. पारा दहाच्या खाली उतरला की केळीची वाढ थांबते. मी तिथं होतो तेव्हा रात्री बागेत ओला पालापाचोळा पेटवून धूर केलेला होता. पुण्याच्या सोफ्यावरून तो धूर फार रम्य दिसला असता. तिथं मामेभाऊ दर दोन तासांनी उठून मोबाइलवर तापमान बघत होता.

रात्री भरीत. वांगी बामणोदची, पऱ्हाट्यांवर भाजलेली, हिरव्या मिरचीचा ठसका, सोबत कळण्याची भाकरी. याबद्दल लिहायला बसलो तर ॲनिमे राहून जाईल.

जेवणं झाल्यावर लॅपटॉप ओट्यावर ठेवून 'ओन्ली यस्टरडे' लावला. स्टुडिओ घिबलीचा १९९१ चा, इसाओ ताकाहाताचा. तैको ही टोकियोतली सत्तावीस वर्षांची बाई सुट्टी काढून रात्रीच्या गाडीनं यामागाताला शेतावर काम करायला जाते, आणि वाटेत पाचवीतली तैको तिच्या डोक्यात घुसते. मारामारी नाही, जादू नाही. मामेभावाची दहावीतली पोर 'वन पीस' आणि 'डीमन स्लेयर'वाली. तिनं दहाव्या मिनिटाला निकाल दिला, "काका, तुमचं ॲनिमे स्लो आहे." तिला मी दोष देत नाही. दहावीत मीही उठून गेलो असतो.

मामी मात्र एकदम पुढं सरकल्या. तैको जे तोडायला जाते ते पिवळं-केशरी फूल म्हणजे करडई. "अवं, हे तं आपली करडी!" तिकडं तिच्या फुलांचा रंग काढतात, आपल्याकडं बियांचं तेल. मामींना फुलापेक्षा काट्यांचं पडलेलं. पूर्वी गव्हाच्या कडेनं करडईच्या ओळी असायच्या, ढोरं आत शिरू नयेत म्हणून. पडद्यावर बायका पहाटेच तोडणीला का निघाल्या, ते मामींनी पोरीला समजावलं: "सकायी दव राह्यते, तवर काटा नरम असते." हा सिनेमा मी बऱ्याचदा पाहिलाय आणि त्या पहाटेकडं नेहमी सुंदर प्रकाशाचा प्रसंग म्हणून बघत आलोय.

मग आला अननसाचा प्रसंग. १९६६ सालचं टोकियो. वडील ताजा अननस आणतात. घरात कुणालाच तो कापायचा कसा माहीत नाही. शेवटी कापतात, सगळे गंभीरपणे पहिला घास घेतात, आणि चेहरे पडतात. आंबट, कडक. थोरल्या बहिणी म्हणतात, यापेक्षा केळं कितीतरी बरं. ओट्यावर एकच हशा! 'स्लो' म्हणणारी पोरही हसली. मी सांगितलं की जपाननं केळ्यांची आयात १९६३ मध्ये खुली केली, त्याआधी तिकडं केळं म्हणजे चैन होती. मामांनी लगेच धंद्याचा प्रश्न काढला, आता तिथं माल कुठून जातो. बहुतेक फिलिपिन्सहून. "आन आपला?" आपला आखातात. मामांनी जपानचा विषय तिथंच बंद केला.

या सिनेमात तोशिओ नावाचा शेतकरी तैकोला सांगतो की शहरातले लोक ज्याला निसर्ग म्हणतात, ते रान, ते ओढे, ते सगळं शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून घडवलेलं आहे. बसच्या खिडकीतून मला दिसलेलं हिरवं तसंच आहे. तापीकाठची काळी माती निसर्गाची. बाकी विहिरी, बोअर, ठिबकच्या नळ्या, रात्रीचा धूर आणि डोक्यावरचं पीककर्ज.

शेतीची ॲनिमे पुष्कळ आहेत. 'नॉन नॉन बियोरी' मला आवडतं. अख्ख्या शाळेत पाच पोरं, तासन्‌तास न येणारी बस, विनोद अगदी आपल्या एसटी स्टँडवरचा. पण तिथं पिकाचा भाव कुणी विचारत नाही. 'सिल्व्हर स्पून' विचारतं. ते लिहिणारी हिरोमु अराकावा होक्काइदोतल्या दूध-शेतीच्या घरातली, तिचं 'फुलमेटल अल्केमिस्ट' आधीच गाजलेलं. साप्पोरोतला पोरगा अभ्यासाला कंटाळून शेतीशाळेत जातो, एका डुकराच्या पिल्लाला 'बुटादोन' म्हणजे डुकराच्या मांसाचा भात असं नाव ठेवून लळा लावतो, आणि शेवटी सुट्टीतल्या कमाईतून त्याचंच सगळं मांस विकत घेतो. पुढं त्याच्या वर्गातल्या कोमाबाच्या घरचा गोठा कर्जात बुडतो. कोमाबा बेसबॉल आणि शाळा दोन्ही सोडतो. मामेभावानं ते भाग सलग पाहिले. "जपानमधीबी असंच हाये का?" एवढं विचारलं आणि पुढचा भाग लावायला सांगितला.

सकाळी शेजारच्या मळ्यात कापणी होती. एक जण कोयता चालवतो, दुसरा वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर झेलतो, तिसरा चिक पुसतो. पोर माझ्यासोबत आली होती. तिच्यासाठी केळं म्हणजे 'मारिओ कार्ट'मध्ये मागच्याला पाडायची साल. ती साल १९९२ च्या पहिल्या 'सुपर मारिओ कार्ट'पासून आहे. मी तिला 'डाँकी काँग कंट्री'ची गोष्ट सांगितली, १९९४ ची: गोरिलाचा केळ्यांचा साठा चोरीला जातो आणि तो परत मिळवायला अख्खा गेम. शंभर केळी जमवली की एक जीव वाढतो. आणि सेगाच्या 'सुपर मंकी बॉल'मध्ये तर केळ्यांवर चक्क 'डोल' या फळांच्या कंपनीचं स्टिकर असायचं. हे तिथल्या कापणीवाल्यानं ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजी जाहिरात. आमच्या केयीची कोन करीन?"

जाणार असाल तर भुसावळहून सावदा-रावेरकडं बस आणि गाड्या दोन्ही मिळतात. डिसेंबर-जानेवारीत जा, स्वेटर न्या, मे महिन्यात चुकूनही जाऊ नका. भरिताची वांगी परत आणायची तर वेगळी पिशवी घ्या. माझी लॅपटॉपवर ठेवली होती, कीबोर्डाला अजून वास आहे.

पोरीनं निघताना माझ्याकडून शब्द घेतला: तिनं माझा 'स्लो' सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, आता मी 'वन पीस' पाहायचं. भाग हजाराच्या वर. पण तिनं सवलत दिली, "काका, तुम्हाला शेतीच पाहिजे ना, मग अरलाँगचं गाव बघा." पुण्याला परतल्यावर तिथवर पोचलो. नामी या त्यातल्या पोरीच्या गावात संत्र्याच्या बागा, आणि अरलाँग नावाचा गुंड प्रत्येक मोठ्या माणसामागं एक लाख बेरी (तिथलं चलन) खंडणी घेतो, पोरामागं पन्नास हजार. संत्री विकून दोन पोरी सांभाळणाऱ्या बेलमेरकडं जेमतेम लाखभरच निघतात. ती पोरींचे पैसे भरते आणि स्वतःचे भरत नाही. चांगलंच आहे, मानलं. मामांना फोनवर गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"त्या गावात संत्र्याले भाव काय होता?"