पहिला नंबर नेमका कोणाला?

"आत्या, पण तू नंबर कोणाला देतेयस? पिक्चरला की थट्टेला?"

काल रात्री भाच्याबरोबर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००'च्या एपिसोडची क्रमवारी लावत होते. जुने, फसलेले पिक्चर बघत एक माणूस आणि दोन रोबो शेरे मारतात, तो कार्यक्रम. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसच्या एका स्थानिक चॅनलवर सुरू झालेला. दुसरा नंबर 'मिचेल'ला दिला, कारण शेरे मारणारा तो माणूस, जोएल हॉजसन, त्यातच कार्यक्रमाचा निरोप घेतो. पहिला 'मानोस : द हँड्स ऑफ फेट'ला. तेव्हा हा प्रश्न आला.

'मानोस' हा मूळ पिक्चर १९६६ चा. टेक्सासमधल्या एल पासोच्या एका खतविक्रेत्याने काढलेला. कॅमेरा चावीचा, एका दमात ३२ सेकंदच चालायचा. आवाज नंतर मोजक्या माणसांनी भरले. त्यात एक छोटी मुलगी आहे, तिचा आवाजसुद्धा एका मोठ्या बाईचा. पहिल्या खेळाला पडद्यावर आपल्या तोंडून परका आवाज ऐकून ती पोर रडली होती.

हे मला माहीत होतं. तरी त्या आवाजावर मी दरवेळी पोट धरून हसले आहे.

थट्टा वाईट, असं मी म्हणणार नाही. १९९३ च्या त्या एपिसोडमुळेच 'मानोस' लोकांपर्यंत पोचला. शेरे मारणारे तो पिक्चर शेवटपर्यंत बघतात, मध्येच उठून जात नाहीत. मला ते फार मोलाचं वाटतं.

नंबर तोच ठेवला. फक्त एपिसोडपुढे त्या खतविक्रेत्याचं नाव लिहिलं : हॅरल्ड वॉरन.

तुम्ही कोणाला दिला असता?