जुनंच औषध मिळालं म्हणून

संगणकावर 'स्टँडर्ड आर्म', म्हणजे नेहमीच्या उपचाराचा गट, असं उमटलं आणि समोर बसलेल्या बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मला जुनंच औषध देणार?" शेजारी बसलेले त्यांचे यजमान म्हणाले, "मॅडम, नव्या औषधासाठीच तर आम्ही सही केली होती."

कॅन्सर विभागात क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर म्हणून मी हे नेहमी ऐकते. कोणता गट मिळेल हे डॉक्टरांच्याही हातात नसतं, ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं, हे सगळं संमतीपत्र वाचताना आम्ही सांगतो. लोकांना ते पटतंही. पण जीव नव्या औषधातच अडकलेला असतो, आणि तो का अडकू नये?

मी त्यांचा केमोचा चार्ट पुढे ओढला आणि ट्रॅस्टुझुमॅबच्या, म्हणजे त्या 'जुन्या' औषधाच्या, ओळीवर बोट ठेवलं. बाईंचा कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह (कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला) होता, स्तनापुरताच आणि लवकर सापडलेला. हा प्रकार झपाट्याने वाढणारा. हे औषध एकेकाळी असंच ट्रायलमधलं नवं औषध होतं. आजार शरीरभर पसरलेल्या 469 महिलांनी त्यात भाग घेतला. काहींना नुसती केमो मिळाली, काहींना केमोसोबत हे औषध.

"त्या बऱ्या झाल्या?" बाईंनी विचारलं.

खोटा दिलासा मी देत नाही. नुसत्या केमोच्या गटात निम्म्या जणी 20.3 महिन्यांहून जास्त जगल्या, औषधाच्या गटात निम्म्या जणी 25.1 महिन्यांहून जास्त. "पाचच महिने?" हो, साधारण तेवढेच. पण त्याच्या जोरावर हे औषध लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये वापरून पाहिलं गेलं आणि 2005 मध्ये निकाल आले: आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. म्हणूनच आज त्यांच्या बाबतीत डॉक्टर पूर्ण बरं करण्याची भाषा बोलू शकत होते.

मग चार्टवरच्या टू-डी इकोच्या तारखा पाहून त्यांनी विचारलं, "आजार इथे, मग हृदयाची तपासणी कशाला?" याचंही उत्तर त्या 469 जणींकडेच होतं. ज्यांना अँथ्रासायक्लिन गटातली केमो आणि हे औषध एकत्र दिलं गेलं, त्यांच्यातल्या 27 टक्के जणींच्या हृदयावर परिणाम दिसला. तेव्हापासून ही दोन औषधं सहसा एकत्र देत नाहीत आणि उपचारभर दर तीन महिन्यांनी इको करतात. ट्रायलमध्ये माणसांचा उंदरासारखा वापर होतो, असं कुणी म्हणालं की मला फार लागतं. त्या बायकांनी सोसलेलं कुणीतरी नीट नोंदवून ठेवलं, म्हणून या बाईंचं हृदय सांभाळता येतंय.

यजमानांची शंका उरली होती: "सगळ्यांनाच नवं औषध दिलं तर काय बिघडेल?" त्यांना 1990 च्या दशकातलं सांगितलं. तेव्हा स्तनाच्या कॅन्सरसाठी प्रचंड डोसची केमो आणि त्यानंतर स्टेमसेल ट्रान्सप्लान्ट (रक्त तयार करणाऱ्या पेशी शरीरात परत सोडणं) हा नवा, जालीम उपाय वाटत होता. हजारो महिलांनी ट्रायलबाहेरच तो घेतला, त्याचे हाल सोसले. 1999 मध्ये तुलना करणाऱ्या ट्रायलचे निकाल आले, तेव्हा बहुतेकांत आयुष्य वाढल्याचं दिसलंच नाही. शेजारी दुसरा गट होता म्हणून ते कळलं तरी.

"म्हणजे माझे रिपोर्टसुद्धा मोजले जाणार?" बाईंनी विचारलं.

"अगदी नव्या औषधवालीइतकेच," मी म्हटलं. त्यांनी पर्समधून डायरी काढली आणि इकोच्या तारखा उतरवून घेऊ लागल्या.